मध्ययुगीन इस्लामी जगातल्या विज्ञानाचा इतिहास लिहिताय? या चुका टाळा

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो ‘जगात पहिला’ या दोन शब्दांनी. नवव्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोबात अब्बास इब्न फिरनास पंख लावून उडाला, म्हणून तो जगातला पहिला वैमानिक, असं सर्रास लिहिलं जातं. या उड्डाणाचं सविस्तर वर्णन मिळतं ते इतिहासकार अल-मक्करीच्या ग्रंथात, आणि मक्करी सतराव्या शतकातला. मधे सुमारे साडेसातशे वर्षांचं अंतर. त्याने इब्न फिरनासच्या काळातल्या एका कवीची ओळ दिली आहे, त्यामुळे सगळं दंतकथा म्हणून झटकून टाकणंही बरोबर नाही. घटना कधीची, लिहिलं कोणी आणि कधी, हे तिन्ही वाचकाला सांगा आणि ‘पहिला’ गाळा.

याच्याच पोटातली दुसरी चूक म्हणजे आधी लिहिलं म्हणजे पुढच्यांनी तिथूनच घेतलं, असं धरून चालणं. वैद्य इब्न अल-नफीसने 1242 मध्ये लिहिलं, की हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्रं नाहीत, रक्त फुप्फुसांतूनच डावीकडे येतं. केवढी मोठी गोष्ट! पण आधुनिक अभ्यासकांचं तिकडे लक्ष गेलं ते 1924 मध्ये, एका इजिप्शियन डॉक्टरने बर्लिनमधलं हस्तलिखित वाचल्यावर. रक्ताभिसरणावरचं विल्यम हार्वेचं पुस्तक 1628 चं. या दोघांमध्ये ‘म्हणून’ घालायला पुरावा लागतो. दमास्कसचा खगोलज्ञ इब्न अल-शातिर याचं चंद्राच्या गतीचं गणित आणि कोपर्निकसचं गणित भूमितीच्या दृष्टीने जुळतं, हे खरं. ते नेमकं कोणत्या वाटेने पोचलं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. तेवढंच लिहा. उलट इब्न अल-हैथमच्या प्रकाशशास्त्राची वाट स्वच्छ दिसते: अरबीतून लॅटिनमध्ये भाषांतर, मग 1572 मध्ये बाझेलला छापील आवृत्ती, आणि पुढे खगोलज्ञ केप्लरचं वाचन. इथे ‘प्रभाव’ हा शब्द बिनधास्त वापरा.

‘त्यांनी नुसती ग्रीकांची भाषांतरं केली’ हे वाक्य तर मला फारच खटकतं. हुनैन इब्न इसहाक या भाषांतरकाराने ग्रीक वैद्य गेलेनच्या ग्रंथांविषयी एक दीर्घ पत्र लिहिलं आहे. कोणता ग्रंथ कोणी, कोणासाठी आणि कसा भाषांतरित केला, याची त्यात नोंद आहे. एका ग्रंथासाठी तो इराक, सीरिया, पॅलेस्टाइन करत अलेक्झांड्रियापर्यंत गेला. हाती लागला तो दमास्कसमध्ये, आणि तोही अर्धाच. तो शक्य तेवढ्या ग्रीक प्रती जमवायचा, पडताळून शुद्ध पाठ तयार करायचा, मगच भाषांतराला हात घालायचा. ही पाठचिकित्साच आहे, आणि भाषांतरावर लिहिताना ती सांगितलीच पाहिजे. शिवाय हुनैन ख्रिस्ती होता, गणितज्ञ साबित इब्न कुर्रा हर्रानचा साबियन (ग्रहताऱ्यांना पूजणाऱ्या पंथाचा), अल्बेरूनी मध्य आशियातल्या ख्वारिझमचा. त्यामुळे सगळ्यांना सरसकट ‘अरब’ किंवा ‘मुस्लिम शास्त्रज्ञ’ म्हणू नका. गाव, धर्म आणि लेखनाची भाषा वेगवेगळी नोंदवा.

आपल्याकडे उलट टोकही गाठलं जातं: सगळं इथूनच गेलं! खलिफा मन्सूरच्या काळात भारतीय सिद्धान्तज्योतिष (ग्रहगणिताचं शास्त्र) बगदादला पोचलं, अल-ख्वारिझमीने भारतीय अंकांवर पुस्तक लिहिलं, हे पक्कं आहे. पण अठराव्या शतकात सवाई जयसिंहांच्या दरबारी जगन्नाथ सम्राटांनी युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली ती तेराव्या शतकातल्या नसीरुद्दीन तुसीच्या अरबी आवृत्तीवरून. देवाणघेवाण लिहायची तर दोन्ही बाजूंची लिहा.

तारखा जुळत नसतील तर आधी हिजरी सन तपासा. हे वर्ष चांद्र, सुमारे 354 दिवसांचं. नुसते 622 मिळवून इसवी सन येत नाही. हिजरी 428 हे ऑक्टोबर 1036 ते ऑक्टोबर 1037 असं पसरलेलं आहे. महिना माहीत नसेल तर 1036-37 असंच लिहा. एकाच माणसाच्या नावावर वैद्यक आणि कुराणभाष्य दोन्ही दिसलं, तर दोन माणसं एक झालीत का ते पाहा: वैद्य अबू बक्र अल-राझी 925 च्या सुमारास वारला, भाष्यकार फख्रुद्दीन अल-राझी 1210 मध्ये.

धर्मपंडित गझालीमुळे विज्ञान संपलं, हेही लिहू नका. तो 1111 मध्ये वारला. इराणमधल्या मराघाची वेधशाळा 1259 ची, समरकंदच्या उलुग बेगची तारकासूची 1437 ची. ग्रहणाचं गणित धर्माच्या नावाखाली नाकारणारे धर्माचंच नुकसान करतात, असं खुद्द गझालीनेच लिहिलं आहे.

शेवटी चित्रं. अल-ख्वारिझमीचा फेटेवाला चेहरा 1983 च्या सोव्हिएत टपाल तिकिटावरचा, म्हणजे चित्रकाराची कल्पना. ‘जुनं लघुचित्र’ म्हणून फिरणाऱ्या चित्रांत तर पर्यटकांसाठी हल्ली रंगवलेलीही असतात. मध्ययुगीन खगोलज्ञाच्या हाती दुर्बीण दिसली की चित्र नकली समजा; दुर्बीण नंतरची. चित्राखाली ग्रंथालयाचं नाव, हस्तलिखिताचा क्रमांक आणि पान देता येत नसेल, तर ते चित्र छापू नका.