ओपन-बॅक हेडफोनमध्ये नवा ड्रायव्हर बसवताना आधी फट बुजवा

ओपन-बॅक हेडफोनची मागची बाजू मोकळीच असते, त्यामुळे वेगळा विकत घेतलेला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर, आतल्या चकतीत थोडा सैल बसला तरी चालेल, असा अनेकांचा समज होतो. पण बेस जातो तो नेमका इथेच. ड्रायव्हरचा पडदा पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची हवा विरळ होते, आणि ड्रायव्हरच्या कडेला केसाएवढी फट राहिली तरी पुढचा व मागचा दाब त्या वाटेने एकमेकांत मिसळून खालचे सूर पुसट होतात. म्हणून कडेभोवती पातळ फोमची अखंड कडी लावावी आणि कानावर टेकणारा पॅडही आतल्या चकतीला सगळीकडून घट्ट टेकला आहे ना, हे पाहावे. मग 50 हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावून सांध्यावर बोट दाबत फिरवावे. एखाद्या जागी आवाज एकदम भरला, तर फट तिथेच आहे.

चकतीला छिद्रे पाडणे व घासणे ड्रायव्हर बसवण्यापूर्वीच उरकावे, कारण लोखंडी कीस चुंबकाला चिकटून आत गेला की पडदा खरखरू लागतो आणि तो कीस काढणे जवळपास अशक्य असते. शेवटी मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकसारखाच आवाज देणारे, ध्वनिमुद्रण ऐकावे: गायकाचा आवाज मधोमध न येता पसरट वाटला आणि बेस पोकळ लागला, तर एका बाजूच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. मागच्या छिद्रांवरचा फेल्ट (नमद्यासारखे दाबलेले कापड) यानंतरच बदलावा, कारण फट असताना केलेली तुलना फसवी ठरते.