टू-फॅक्टर चालू करण्याआधी समजा, फोन हरवला

मागे मी फोन फॉरमॅट केला. फोटो, नंबर, चॅट सगळं जपून ठेवलं. ऑथेंटिकेटर ॲप तेवढं डोक्यातून निसटलं. मग ईमेल उघडायला गेलो तर सहा आकडी कोड मागितला, आणि कोड देणारं ॲप रिकामं! पासवर्ड तोंडपाठ असूनही मी बाहेरच. म्हणून टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागणारं दुसरं कुलूप, लावायचं म्हणताच मी आधी विचारतो, उद्या फोन नसेल तर आत कसे शिराल?

१. सुरुवात ईमेलपासून. बरेच जण आधी बँकेकडे वळतात. पण 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की इतर बहुतेक खात्यांची लिंक ईमेलवरच येते. ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती बाकीचं. जीमेल असेल तर गूगल खात्याच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या भागात हीच सोय 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' नावाने सापडेल.

२. कोडसाठी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप निवडा. फसवून तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं की ओटीपी थेट चोराकडे जातो. २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचाच नंबर असा पळवला गेला आणि त्यांच्या खात्यावरून भलत्याच पोस्ट पडल्या. अर्थात, दुसरा पर्यायच नसेल तर एसएमएस तरी चालू ठेवा. नुसत्या पासवर्डपेक्षा तो बराच बरा.

३. क्यूआर कोड स्कॅन करा. कॉम्प्युटरवर खातं उघडून स्क्रीनवरचा चौकोन ॲपने टिपा. सगळं एकाच फोनवर करत असाल तर स्वतःचीच स्क्रीन कशी स्कॅन करणार? अशा वेळी 'स्कॅन होत नाही' अशा अर्थाची लिंक शोधा. तिथे अक्षरा-आकड्यांची लांबलचक की मिळते, ती ॲपमध्ये पेस्ट करायची. क्यूआरमध्येही हीच गुप्त की दडलेली असते, त्यामुळे त्याचा स्क्रीनशॉट गॅलरीत पडू देऊ नका.

ही की आणि घड्याळातली वेळ यांच्या गणितातून साधारण दर ३० सेकंदांनी नवा कोड निघतो. त्याला नेटवर्क लागत नाही, विमानातही चालतो. मात्र फोनचं घड्याळ पुढे-मागे असेल तर बरोबर टाकलेला कोडही 'चुकीचा' ठरतो. वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा. कोड संपायला दोन-तीन सेकंदच उरले असतील तर घाई करू नका, पुढचा येऊ द्या.

४. बॅकअप कोड कागदावर उतरवा. मी नेमकी हीच पायरी गाळली होती. फोन हाताशी नसताना वापरायला गूगल आठ आकडी १० कोड देतं; प्रत्येक एकदाच चालतो आणि नवा संच काढला की जुना बाद. ते त्याच फोनच्या नोट्समध्ये ठेवणं म्हणजे किल्ली कपाटात टाकून कपाट बंद करणं. महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.

५. लॉगआउट न करता तपासा. ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडा. एकदा ॲपच्या कोडने आणि एकदा बॅकअप कोडने लॉगिन करून पाहा. वापरलेल्या कोडवर काट मारा. दोन्ही जमलं की मगच दुसऱ्या खात्याकडे वळा.

फोन बदलताना आधी नव्या फोनवर कोड चालतात ना हे पाहा, जुना नंतर पुसा.

एक पळवाट मात्र उरतेच. हुबेहूब नकली पान तुमच्याकडून कोड घेऊन त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरू शकतं. पासकी (फोन-कॉम्प्युटरमध्ये साठवलेली, बोटाच्या ठशाने किंवा पिनने उघडणारी डिजिटल किल्ली) किंवा सिक्युरिटी की (यूएसबीसारखं छोटं उपकरण) साइटच्या खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते, नकली पानावर ती चालतच नाही. सोय असेल तिथे तीच घ्या.

आणि तुम्ही लॉगिन करत नसताना फोनवर 'तुम्हीच आहात का?' असं आलं, तर 'नाही' दाबा आणि लगेच पासवर्ड बदला. तो बहुधा कुणाला तरी कळलेला आहे.