जगाच्या इतिहासाची कालरेषा घरच्या भिंतीवर कशी करावी

सनावळ्या पाठ करायच्या युक्त्या सांगणारे पुण्यात पैशाला पासरी मिळतात. यमक जुळवा, आकड्यांची गोष्ट करा, एक ना दोन. परीक्षा झाली की सगळं विसरतं. पाठ करू नका, मांडा.

अप्पा बळवंत चौकातून ड्रॉइंग पेपर आणा आणि वीतभर रुंदीच्या पट्ट्या एकापुढे एक चिकटवा. एका वर्षाला १ सेंटिमीटर. १६०० ते १९५० घेतलंत तर साडेतीन मीटर होतात. मधोमध रेघ, वर जग, खाली पुणे. दोन घटनांमध्ये जागा मोकळी राहिली तर राहू द्या, तिच्यासाठी प्रमाण बदलू नका.

वर १७७६ (अमेरिकेचं स्वातंत्र्य), १७८९ (फ्रेंच क्रांती), १८४८ (युरोपातले उठाव), १८६१ (अमेरिकेतली यादवी), १९१४ (पहिलं महायुद्ध), १९१७ (रशियन क्रांती), १९४५ (दुसऱ्या महायुद्धाचा शेवट) हवेतच; बाकी आवडीप्रमाणे. रशियातली ‘ऑक्टोबर’ क्रांती आपल्या कॅलेंडरने ७ नोव्हेंबरला येते, असल्या भानगडीत अडकू नका. दहा-तेरा दिवसांचा फरक एका सेंटिमीटरात दिसतही नाही. नुसतं वर्ष लिहा.

आता खरी मेख. वरची घटना खालच्या घटनेला लाल रेघेने जोडायची. इथे भलेभले घसरतात आणि मीही इथेच सगळ्यात जास्त काळ अडलो होतो. वर्ष एक दिसलं की हात शिवशिवतो.

१८४८ घ्या. त्या वर्षी पॅरिसमध्ये राजा पळाला, युरोपभर उठाव झाले. इकडे भिडेवाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली. ‘क्रांतीचे वारे पुण्यापर्यंत आले’ हे वाक्य भाषणात हमखास टाळ्या घेतं. पण शाळा १ जानेवारीची मानतात आणि पॅरिस फेब्रुवारीचं! मग वारा कुठून कुठे वाहिला? फुल्यांनी १८४७ च्या सुमारास टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं होतं. फ्रेंच क्रांतीची बाजू मांडायला लिहिलेलं, १७९१ सालचं पुस्तक. म्हणजे भिडेवाड्यातली रेघ शेजारच्या फेब्रुवारीला नाही, अर्धा मीटर मागे १७८९ ला जाते.

म्हणून माझा नियम कडक आहे: तिकडून इकडे माणूस, माल, पैसा, पुस्तक किंवा रोग आला असेल तरच रेघ. काय आलं ते रेघेवर लिहा. लिहिता येत नसेल तर खोडा.

माणूस आल्याचं उदाहरण सँ ल्युबँ. हा फ्रेंच गृहस्थ १७७७ मध्ये फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून नाना फडणविसांच्या दरबारी आला. पुढच्याच वर्षी फ्रान्स इंग्रजांविरुद्ध अमेरिकेच्या बाजूने उतरला. फ्रेंच पुण्यात पाय रोवतील या धास्तीचाही मुंबईच्या इंग्रजांच्या पुण्यावरच्या स्वारीला हातभार लागला, आणि जानेवारी १७७९ मध्ये त्यांना वडगावला नामुष्कीचा करार करावा लागला. लोणावळा लोकलने जाताना लागतं तेच वडगाव. ही रेघ बेधडक काढा.

मालाची रेघ तिरकी जाते. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस अडला, मुंबईत भाव कडाडले आणि इकडच्या शेतकऱ्याला सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिलं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. पण वाढलेला शेतसाराही कारण होता. म्हणून इथे अखंड नव्हे, तुटक रेघ.

रोगाची रेघ हाँगकाँगपासून: १८९४ ला प्लेग तिथे, १८९६ ला मुंबईत, मग पुण्यात, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत प्लेगच्या बंदोबस्तावर नेमलेल्या इंग्रज अधिकारी रँडवर गोळी. त्या दिवशी व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा हीरकमहोत्सव होता, म्हणून या टिंबाला लंडनहून दुसरी रेघही येते.

रेघा आधी पेन्सिलीने, शाई नंतर. पट्टी मास्किंग टेपनेच लावा. चिकटपट्टीने रंगाचे पोपडे निघतात आणि घरमालक डिपॉझिट कापतो.