टीव्हीवरच्या शेफला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

आमच्या भिशीत आम्ही आठ जणी. पैसे मोजले, चिठ्ठी काढली की पाच मिनिटांत काम संपतं आणि पुढचा दीड तास टीव्हीवरचे शेफ. एकीला संजीव कपूरशिवाय कुणी पटत नाही. एक विष्णू मनोहरांची पक्की, कारण "त्यांचं साहित्य आपल्या डब्यात सापडतं." तिसरीला रणवीर ब्रार आवडतो तो गोष्टींसाठी, त्याचं काही करून बघितलंय का विचारलं तर ती हसते. आणि दर महिन्याला कुणीतरी म्हणतंच, "दिसतं छान, पण घरी काही होत नाही गं."

मी जळगावात पंचवीस-तीस वर्षं स्वयंपाक करतेय, त्यातली बरीचशी टीव्हीकडे एक डोळा ठेवून. बिघडवलंही भरपूर. आता मला वाटतं, बहुतेक वेळा शेफही चुकलेला नसतो आणि आपला हातही. घोळ होतो तो मधल्यामध्ये: मापात, मिरचीत, उन्हात आणि कापून टाकलेल्या वीस मिनिटांत.

अर्धं त्याचं, अर्धं आपलं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि हिला कुणी चूक मानतच नाही. आमच्यातल्या एकीनं पनीरची भाजी केली. काजू महाग म्हणून शेंगदाणे, क्रीम नव्हतं म्हणून साय, कसुरी मेथी आवडत नाही म्हणून वगळली, टोमॅटो आंबट म्हणून निम्मे. मग भिशीत निकाल लागला: "त्याच्या रेसिपीत दम नाही." अगं, त्याची रेसिपी तू केलीसच कुठे?

पहिल्यांदा करताना तो सांगतो तसंच करायचं, मीठसुद्धा त्याच्याच मापानं. दुसऱ्या वेळी खुशाल आपलं डोकं चालवा. आणि एकाची कणीक, दुसऱ्याचं सारण, तिसऱ्याचा वेळ असली खिचडी करू नका. बिघडलं तर कुणाचं बिघडलं हे कळत नाही.

वाटी म्हणजे कोणती वाटी?

कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि त्यातली मापं वाटी-चमच्याची होती. घराघरांत ते चाललं त्यामागे हे एक मोठं कारण. पण एक अट त्यात गृहीत असते: सगळ्याला एकच वाटी. आमच्याकडे आमटीची वाटी वेगळी, आमरसाची वेगळी, लग्नात आलेल्या सहा वाट्या सहा घाटाच्या. रवा एकीनं आणि पाणी दुसरीनं मोजलं की सांजा गोळा होणार नाहीतर पातळ.

कपाचंही तसंच. कप म्हणजे चहाचा कप नव्हे. अमेरिकन पुस्तकातला कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो. टेबलस्पून १५ मिलिलिटर, टीस्पून ५. ऑस्ट्रेलियात मात्र टेबलस्पून २० मिलिलिटरचा धरतात, आणि मास्टरशेफ ऑस्ट्रेलियाचं वेड आपल्याकडे कमी घरांत नव्हतं. खायचा सोडा मोजताना हा फरक थेट जिभेला कळतो. मापाचे चमचे-कप शंभर-दोनशे रुपयांत मिळतात. तेवढे आणा, अर्ध्या तक्रारी तिथंच मिटतात.

दोन चमचे मिरची, पण कुठली?

टीव्हीवरचा शेफ हसत हसत दोन मोठे चमचे लाल तिखट घालतो. ते बहुतेक वेळा काश्मिरी असतं, रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. आपल्या डब्यात असते नंदुरबारहून आणून, वाळवून, कांडून घेतलेली. ती दोन चमचे पडली की घरातली पोरं पाण्याचा तांब्या घेऊन बसतात आणि बिचाऱ्या शेफला शिव्या. आपली मिरची असेल तर त्यानं सांगितलेल्याच्या पाव हिश्शापासून सुरुवात करा, रंगासाठी बेडगी वेगळी ठेवा. तिखट होऊनच गेलं असेल तर साखर ओतू नका, भाजी विचित्र लागते. दाण्याचा कूट, वाटलेलं खोबरं किंवा उकडलेला बटाटा जास्त कामाचा.

मसाल्याचं याच्या उलट. पुस्तकात 'गरम मसाला १ चमचा' दिसला की आपण तो घालतो, आणि सवयीनं वर आपला काळा मसालाही. मग पनीर असो की मटार, सगळ्याला शेवभाजीचा वास. दोन्हींपैकी एकच घाला.

शेवभाजीचा विषय निघालाच आहे, तर मागे एका कार्यक्रमात शेव कढईत घालून चांगली दोन-तीन मिनिटं उकळताना पाहिली. ते पाहून शेजारच्या घरात तसंच झालं आणि ताटात पिवळा लगदा आला. शेव भाजीचीच घ्यायची, जाड आणि तिखट. चिवड्यातली बारीक चालत नाही. ती घालायची वाढताना, किंवा ताटात शेव घेऊन वरून रस्सा. तर्री येत नसेल तर कांदा-खोबरं गुलाबीवर थांबवलंय का बघा. ते काळपट होईपर्यंत भाजावं लागतं. वाटण तेल सोडेपर्यंत परतायचं आणि वरून पाणी कढत घालायचं. गार पाणी घातलं की तर्री बसते.

टीव्हीवरची दोन मिनिटं

अर्ध्या तासाचा कार्यक्रम, त्यात जाहिराती, त्यात दोन-तीन पदार्थ. कांदा कढईत पडतो, शेफ पाहुणीशी एक विनोद करतो, आणि कांदा सोनेरी. तीन-चार कांद्यांचे काप मध्यम आचेवर नीट लाल व्हायला घरी वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्या आधीच टोमॅटो ढकलला की ग्रेव्ही कच्चट आणि गोडसर लागते. आपण म्हणतो, चव नाही आली. घड्याळाऐवजी कांद्याकडे बघा. शेफच्या मागचा बर्नरही आपल्या ओट्यावरच्या शेगडीपेक्षा फार मोठ्या आचेचा असू शकतो, म्हणून 'हाय फ्लेम'वरचं घरी थोडं-थोडं करून परता. कढई भरली की भाजी परतली जात नाही, वाफवली जाते.

कुकरच्या शिट्ट्यांवरही विसंबू नका. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजायला वेळ घेते. शेफच्या तीन शिट्ट्या म्हणजे आपल्या पाच.

पुस्तकातली खोली आणि जळगावची खोली

लेकीचा वाढदिवस मे महिन्यात. पुस्तकात लिहिलं होतं, लोणी रूम टेम्परेचरला आणा. मी सकाळीच बटर काढून ओट्यावर ठेवलं, आंघोळ करून आले तर ताटलीत पिवळं तेल. तेच साखरेत फेटलं. केक बसला तो बसलाच, खालून तुपकट आणि वरून कडक. त्या पुस्तकाला मी पुढची दोन वर्षं नावं ठेवली.

पुस्तक लिहिणाऱ्या बाईची खोली असते वीसेक अंशांची. भुसावळ-जळगावात मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास जातो, घरात कूलर घरघरत असला तरी स्वयंपाकघर त्याच्या वाऱ्याबाहेरच असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात बटर फ्रिजमधून काढून दहा मिनिटांत वापरायला घ्यायचं. बोटानं दाबलं तर खळगा पडावा, पण चमक सुटू नये. पावाचं पीठ गार पाण्यात मळायचं आणि 'एक तास ठेवा' असं लिहिलं असेल तर अर्ध्या तासानं बघायचं. दुप्पट झालं की झालं. जास्त ठेवलं की आंबूस वास येतो. इडलीचं पीठ, विरजण, सगळ्याला हाच न्याय. डिसेंबरात उलट, तेव्हा पुस्तकापेक्षा जास्त वेळ द्या.

ओव्हनची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. मैत्रिणीनं परदेशी पुस्तकातून केक केला. ३५० अंश लिहिलेलं. तिच्या ओव्हनच्या बटणावर २५० च्या पुढे आकडाच नाही, म्हणून तिनं ते शेवटपर्यंत फिरवलं. वीस मिनिटांत कोळसा. ते ३५० फॅरेनहाइट होतं, म्हणजे आपलं साधारण १८० सेल्सिअस. तिनं ऑनलाइन त्या पुस्तकाला एक तारा दिला होता, तो अजून तसाच आहे.

ब्रिटिश पुस्तक असेल तर तीन शब्द आधीच लक्षात ठेवा. सेल्फ रेझिंग फ्लोअरमध्ये बेकिंग पावडर मिसळलेलीच असते. साधा मैदा घ्याल तर ती वरून घाला. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरा स्टार्च, मक्याच्या भाकरीचं पिवळं पीठ नव्हे. डबल क्रीममध्ये जवळपास ४८ टक्के स्निग्धांश असतो. आपल्याकडचं खोक्यातलं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांचं. ते तासभर फेटलं तरी फुगणार नाही, हात तेवढा दुखेल.

दुसऱ्याच्या पदार्थाला आपला समजणं

टीव्हीवर दाल-बाटी लागली की आमच्याकडे लगेच, "हे काय, उकडली कुठं?" आपली बट्टी जाडसर पिठाची, हळद-ओवा घातलेली, वाफवून, कापून तळलेली. तो दाखवत होता राजस्थानातली, भाजून तुपात बुडवायची. त्याचं बरोबरच होतं.

भरताचं मात्र मी माफ करणार नाही. जांभळं वांगं, कांदा-टोमॅटो परतून, वर गरम मसाला. हे उत्तरेतलं बैंगन भरता म्हणून केलं असतं तर चवीनं खाल्लं असतं. पडद्यावर नाव होतं 'खान्देशी भरीत'. सासूबाई शिंदखेड्याकडच्या, जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "हाऊ भरीतमा टमाटा टाकी ऱ्हायना वं!" आणि चॅनल बदलायला लावलं.

जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवट-पांढरं, मोठं, बी कमी. विष्णू मनोहरांनी २०१८ च्या डिसेंबरात जळगावात सुमारे अडीच हजार किलोचं भरीत केलं तेव्हा गर्दीतला प्रत्येक माणूस परीक्षकाच्या नजरेनं बघत होता. इथे भरतावर मत नसलेला माणूस मला तरी भेटलेला नाही.

घरी ते का बिघडतं, तर एक, वांगं जड निवडलेलं असतं. हातात हलकं लागेल ते घ्या, जडात बी. दोन, भाजण्याआधी टोचत नाहीत, मग ते फुटतं. तीन, गॅसच्या मोठ्या आचेवर साल जळते आणि देठाजवळ कच्चं राहतं. आच मंद करून देठ खाली धरा. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा धूर गॅसवर येणार नाही, त्याची अपेक्षा सोडा. चार, आणि हे फार जणी करतात, साल निघावी म्हणून नळाखाली धरतात. सगळी चव मोरीत. झाकून दहा मिनिटं ठेवा, साल आपोआप सुटते आणि खाली साठलेलं पाणी टाकून देता येतं. मग हिरवी मिरची, लसूण, मीठ घालून ठेचायचं, बडगी, म्हणजे ठेचायचं लाकडी भांडं, असेल तर तिच्यात, मिक्सर नको. तेलात शेंगदाणे तळून घ्यायचे, कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी.

पुस्तक विकत घेताना

फोटो बघून घेऊ नका. दुकानात उभ्या उभ्या एक परीक्षा घ्या: तुम्हाला डोळे मिटून येतो तो पदार्थ पुस्तकात शोधा आणि पूर्ण वाचा. पुरणाची डाळ शिजल्यावर कट काढायला सांगितलंय का? पीठ किती वेळ मुरवायचं ते आहे का? आपल्या हातातलं ज्याला नीट लिहिता आलंय, त्याच्यावर न येणाऱ्या पदार्थासाठीही विश्वास ठेवायला हरकत नाही. माझ्याकडे तरला दलालांची काही पुस्तकं आहेत. त्यांचं पहिलं पुस्तक १९७४ चं, आणि शाकाहारी घरांना त्यांनी बाहेरचे पदार्थ ओळखीचे करून दिले. माझ्या प्रतीतल्या तीन पानांवर तेलाचे डाग आहेत, बाकी कोरी. पुस्तकाबद्दल मत द्यायचं तर मी त्या तीन पानांबद्दलच देऊ शकते.

आणि टीव्हीवरून वहीत उतरवत असाल तर शेवटचं वाक्य चुकवू नका. झी टीव्हीवर 'खाना खजाना' १९९३ साली सुरू झालं तेव्हा मागे जाऊन पुन्हा बघायची सोयच नव्हती. तेव्हापासून मला वही-पेन घेऊन बसायची सवय. पुढे भारनियमनाच्या काळात ऐन रंगात लाइट जायची. माझ्या वहीत मलई कोफ्त्याचं पान असंच तुटलंय: 'कोफ्ते तळून झाल्यावर उकळत्या ग्रेव्हीत' आणि पुढे रेघ. मी त्या ओळीच्या भरवशावर कोफ्ते ग्रेव्हीत उकळत राहिले, दर वेळी त्यांचा भुगा झाला, आणि दर वेळी मी म्हटलं की या शेफचे कोफ्ते जमत नाहीत. खूप वर्षांनी एका पुस्तकात तीच कृती वाचली. कोफ्ते वाटीत ठेवून ती उकळती ग्रेव्ही वाढताना वरून घालायची होती. 'उकळत्या ग्रेव्हीत'ची 'उकळती ग्रेव्ही' केली आणि पुढचे शब्द पेन्सिलनं लिहून टाकले.