चार्ज घेताय मॅडम? आधी तांदूळ मोजा

जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत मुख्याध्यापकपद बहुधा प्रभारी म्हणूनच गळ्यात पडतं. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीला पट 150 च्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. त्याखाली वर्गही तुमचा आणि ऑफिसही तुमचंच. सेवाज्येष्ठतेनं चार्ज बाईंकडे आला की पहिला सल्ला ठरलेला: "मॅडम, तुम्ही वर्ग बघा, बाहेरची कामं सर बघतील." ऐकायला बरं वाटतं. पण सही तुमची असते आणि वसुली निघाली तर तुमच्या पगारातून निघते. ज्या कामावर तुमची सही आहे, ते काम तुमचंच.

चार्ज यादीवर वाचून नाही, वस्तू बघून सही करायची. कॅशबुक पासबुकाशी जुळवा. मग पोषण आहाराची खोली उघडायला लावा, गडबड बहुतेक तिथंच असते. पहिली ते पाचवीला रोज माणशी 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. म्हणजे लहान वर्गांत 80 आणि मोठ्या वर्गांत 40 लेकरं हजर असतील तर रोजचे 14 किलो. 24 दिवसांचे 336. या हिशेबानं नोंदवहीतली शिल्लक तपासा आणि कट्टे काट्यावर घाला. वहीत 210 किलो आणि खोलीत 50 किलोचे तीनच कट्टे असं निघालं, तर 60 किलोची तूट यादीखाली लिहून चार्ज देणाऱ्याची सही घ्या. "पुढच्या महिन्यात जुळवून घेऊ" म्हटलं की ती तूट तुमची झाली. माल उतरवतानाही तेच. गाडीवाला घाई करतो, बाई काही कट्टे उतरवून मोजायला लावणार नाहीत हे त्यानं धरलेलं असतं. काट्यावर आलेलं वजनच पावतीवर लिहा.

जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, स्वतःच्या कुलपात ठेवा. 2023 पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जुन्या प्रवेश नोंदींतल्या जातीच्या रकान्याला फार महत्त्व आलं. उतारा मागायला येणाऱ्याकडून लेखी अर्ज घ्या, रजिस्टर हातात देऊ नका. "एवढा एक शब्द घाला" असं कुणी म्हटलं तर उत्तर एकच: नोंदीतला बदल शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय होत नाही. वाद घालत बसू नका, तेवढंच वाक्य पुन्हा म्हणा.

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कागदावर त्या असतात, बैठकीला त्यांचे मालक येतात आणि सहीही तेच ठोकतात. कारण साधं आहे: कापूस वेचणीच्या दिवसांत बाई रानात असते. बहुतेक गावांत आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी बंद असते, त्या दिवशी सकाळी शाळेतच बैठक ठेवा. पारावरची संध्याकाळची बैठक नको; तुमची एसटी चुकते आणि निर्णय तुमच्या माघारी होतात. ठराव त्याच बसणीत लिहून वाचून दाखवा. तुमच्या मिस्टरांचा नंबर मागितला तर देऊ नका, शाळेचं बोलणं शाळेच्या फोनवर.

बीड, धाराशिव, जालना भागात दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. जाणाऱ्या कुटुंबांची यादी नवरात्राआधीच करा, म्हणजे मागं राहणाऱ्या लेकरांच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जातो. इथं बाईमाणूस असणं कामाला येतं. सातवी-आठवीतली पोरगी मागं ठेवायची की नाही हे घरातली आजी ठरवते, आणि ती गुरुजींपुढं मोकळं बोलत नाही.

तक्रारींचं मात्र गावात मिटवायचं नाही. मुलाशी लैंगिक गैरप्रकाराचा संशय आला तरी पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. तुमचाच लैंगिक छळ होत असेल आणि शाळेत दहापेक्षा कमी कर्मचारी असतील, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, घटनेपासून 3 महिन्यांच्या आत. तारीख-वार टिपलेली वही तिथं उपयोगी पडते.

आणि ऑफिसच्या कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडं आहे, ते पहिल्याच दिवशी विचारा. पुष्कळदा ती शाळेत नसतेच.