खेळाडूचा प्रशिक्षक होताना

खेळणं थांबवून पोट्ट्यांना बेसबॉल शिकवायला घेताय? मग आधी अमेरिकेतला जुना खेळाडू-प्रशिक्षक हॅरी राइट समजून घ्या. मुळात क्रिकेटवाला माणूस. 1869 मध्ये सिनसिनाटीचा पहिला उघडपणे व्यावसायिक संघ त्यानंच बांधला, स्वतः सेंटर फील्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध, खेळत. पुढे बॉस्टनला 1872 ते 1875 सलग चार अजिंक्यपदं.

मी नागपूरच्या रेशीमबागेत सकाळी सहालाच सुरू करतो. नंतरचं ऊन सोसवत नाही. पहिले दोन दिवस बॅट देऊच नका. 90-90 फुटांवर बेस, म्हणजे धावताना गाठायचे चार टप्पे, मांडा. शॉर्टस्टॉपनं (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला खेळाडू) फर्स्ट बेसकडे चेंडू फेकला की राइट फील्डरनं (मागे उजवीकडे उभा असलेला) सुटलेला चेंडू अडवायला त्या बेसच्या मागे धावायचंच, दर वेळी, चेंडू सुटो न सुटो. पोट्टे इथंच कुरकुरतात. मी ऐकत नाही. हॅरी राइटचाही हाच आग्रह होता. बॅट तिसऱ्या दिवशी.