लिनक्स सर्व्हरवर फाइली संथ उघडतात? रीडअहेड आणि पेज कॅशे असे नीट लावा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यांमध्ये हल्ली कोपऱ्यात एखादा लिनक्स सर्व्हर असतोच. जॅकार्डच्या डिझाइनच्या फाइली, हिशेबाचा डेटाबेस, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, रात्रीचा बॅकअप, सगळं त्याच्याच गळ्यात. गावातल्या व्हिडिओ स्टुडिओंचंही तसंच. जानेवारीत गड्डा यात्रा झाली की नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं तासन्‌तास शूटिंग एकाच सर्व्हरवर ओतायचं आणि दोघा-तिघांनी एकदम एडिटिंगला बसायचं. तक्रार दोन्हीकडे एकच: मशीन चांगलं आहे, तरी फाइल उघडायला वेळ लागतो. आणि त्यावर सल्लाही ठरलेला: रॅम वाढवा. वाढवा की, पण त्याआधी एखादी संध्याकाळ काढून खालचं करून बघा. पैसा लागत नाही.

आज्ञा इथे नागरीत लिहिल्यात. टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून द्यायच्या.

आधी मेमरी नीट वाचा

‘फ्री -एच’ ही आज्ञा द्या. ‘फ्री’ रकान्यात अगदी थोडी मेमरी उरलेली दिसली की लोकांच्या पोटात गोळा येतो. तो रकाना सोडून द्या, ‘अव्हेलेबल’ बघा. रॅम मोकळी असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) ती वापरायला घेतो: डिस्कवरून वाचलेल्या फाइलींची पानं, नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर ४ किलोबाइटची एकेक, तिथे ठेवून देतो. हाच पेज कॅशे. एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली की यातली न बदललेली पानं तो लगेच टाकून देतो, कारण मूळ प्रत डिस्कवर आहेच.

मग रॅम खरंच कमी पडतेय हे कसं कळणार? ‘/प्रॉक’ या फोल्डरमधल्या ‘व्हीएमस्टॅट’ फाइलीत ‘वर्किंगसेट_रीफॉल्ट_फाइल’ असा एक आकडा असतो. कॅशेमधून नुकतंच हाकललेलं पान परत डिस्कवरून आणावं लागलं की तो वाढतो. ऐन कामाच्या वेळी, सकाळी अकराच्या सुमाराला, दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा बघा. आकडा जागचा हलत नसेल तर नवीन रॅमने या दुखण्याला काही फरक पडणार नाही. सेकंदाला हजारोंनी वाढत असेल तर तीच पानं पुन्हापुन्हा आणण्यात डिस्क दमतेय. हजार पानं म्हणजे जवळपास ४ मेगाबाइट. तेव्हा मात्र रॅमचं बिल करायला हरकत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात कामाचा आकडा हाच, आणि बघत मात्र कुणीच नाही.

मग मोजा, आणि थंड कॅशेवर मोजा

मोठी फाइल दोनदा वाचली तर दुसऱ्यांदा ती रॅममधून येते आणि डिस्क रॉकेट झाल्यासारखी वाटते. म्हणून प्रत्येक मोजणीआधी ‘सिंक’ द्या आणि ‘/प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस’ या फाइलीत ३ लिहा. कॅशे रिकामा होतो, डेटाला धक्का लागत नाही. हे कामाची वेळ संपल्यावर करा, कारण पुढची काही मिनिटं सगळ्यांनाच सर्व्हर जड लागेल.

(जाता जाता: बऱ्याच ठिकाणी हीच आज्ञा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सोय) दर तासाला लावून ठेवलेली असते, ‘मेमरी साफ राहावी’ म्हणून. ती आजच काढून टाका. कर्नलने तासभर खपून जमवलेली पानं दर तासाला फेकून देण्यापलीकडे तिच्यातून काही होत नाही.)

आता ‘डीडी’ या कॉपी करणाऱ्या आज्ञेला मोठी व्हिडिओ फाइल वाचायला लावा, १ मेगाबाइटच्या ब्लॉकने, आणि वाचलेलं ‘/डेव्ह/नल’मध्ये, म्हणजे कचऱ्यात, सोडा. शेवटी वेग मिळतो, तो लिहून ठेवा. पुन्हा कॅशे रिकामा करून दोन वेगवेगळ्या फाइलींवर दोन ‘डीडी’ एकाच वेळी चालवा. ही दुसरी मोजणी टाळू नका. एकट्याने वाचताना बहुतेक डिस्का बऱ्या चालतात. दोघे आले की खरं रूप दिसतं. शेजारच्या टर्मिनलमध्ये ‘आयओस्टॅट -एक्स १’ चालू ठेवा आणि त्यात वाचनाच्या विनंतीचा सरासरी आकार आणि तिला लागलेला वेळ बघा.

रीडअहेड काय करतं

मागावर विणकर बसलेला असतो तेव्हा भरलेल्या कांड्या त्याच्या हाताशी तयार असाव्या लागतात. धोट्यातली कांडी संपल्यावर नवीन भरायला घेतली तर माग थांबतो. रीडअहेडही तेच करतं: प्रोग्रॅमने मागायच्या आधीच फाइलीचा पुढचा तुकडा आणून ठेवतं.

पण आंधळेपणाने नाही. वाचन ओळीने चाललंय असं दिसलं की कर्नल छोट्या खिडकीने (एका खेपेत पुढचं किती आणायचं ते माप) सुरुवात करतो आणि प्रत्येक फेरीला ती वाढवत जातो, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत. आणलेल्या पानांपैकी एकावर तो खूण करून ठेवतो. वाचणारा त्या खुणेपाशी पोचला की पुढची खेप मागवली जाते, म्हणजे हातातली पानं संपायच्या आत पुढची वाटेवर असतात. उड्या मारत वाचलं तर खिडकी वाढत नाही. ही मागणीनुसार चालणारी पद्धत वू फेंगग्वांग यांनी लिहिली आणि २००७ साली २.६.२३ या आवृत्तीत ती कर्नलमध्ये आली. आज जे चालतं त्याचा सांगाडा तोच आहे.

आपल्या हातात आहे ती कमाल मर्यादा. ‘ब्लॉकडेव्ह --गेटआरए /डेव्ह/एसडीए’ विचारा (‘एसडीए’ हे डिस्कचं नाव). उत्तर बहुधा २५६ येईल. हे ५१२ बाइटचे सेक्टर, म्हणजे १२८ किलोबाइट.

आता १२८ किलोबाइट फिरत्या डिस्कला का अपुरे पडतात तो हिशेब मांडू. ७२०० आरपीएमच्या डिस्कला अर्धा फेरा फिरायला ४.२ मिलिसेकंद लागतात. हेड एका जागेवरून दुसरीकडे न्यायला साधारण ८ धरा. म्हणजे एका फाइलीवरून दुसऱ्या फाइलीवर जाण्यातच १२ मिलिसेकंद गेले. डिस्क सलग वाचताना सेकंदाला १५० मेगाबाइट देत असेल, तर १२८ किलोबाइट वाचायला एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. दोघे एडिटर दोन फाइली एकदम वाचतायत आणि प्रत्येक खेपेला हेड इकडून तिकडे पळतंय, असं धरलं तर दोघांना मिळून सेकंदाला जेमतेम ९-१० मेगाबाइट पडतात. खिडकी १ मेगाबाइटची केली तर तेच ५०च्या पुढे जातं, ४ मेगाबाइटला १००च्या आसपास. प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतील, कारण डिस्कचा शेड्युलर विनंत्यांची जुळवाजुळव करतो आणि एका विनंतीच्या आकारालाही वेगळी मर्यादा असते. पण रोख हाच.

बदल करा, एका वेळी एकच

‘ब्लॉकडेव्ह --सेटआरए २०४८ /डेव्ह/एसडीए’ म्हणजे १ मेगाबाइट. कॅशे रिकामा करा, दोन ‘डीडी’ची मोजणी पुन्हा घ्या. मग ४०९६, मग ८१९२. वेग वाढायचा थांबला की एक पायरी मागे या आणि तिथेच राहा.

दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. एक, डिस्कवर एलव्हीएम किंवा सॉफ्टवेअर रेड (डिस्का जोडून त्यांवर नवीन डिव्हाइस उभं करणाऱ्या पद्धती) असेल तर फाइल सिस्टिम ज्या डिव्हाइसवर माउंट झालीय त्याचं रीडअहेड लागू पडतं, खालच्या ‘एसडीए’चं नाही. ‘एलएसबीएलके’ बघून वरचं नाव शोधा. दोन, फाइल उघडताना जी मर्यादा होती तीच त्या फाइलीला चिकटून राहते. आधीपासून उघड्या असलेल्या फाइलींना नवीन आकडा कळतच नाही. तेव्हा ‘बदललं पण फरक नाही’ असं म्हणण्याआधी तो प्रोग्रॅम किंवा साम्बा (विंडोज मशीनना फाइली देणारा प्रोग्रॅम) एकदा बंद करून चालू करा.

एसएसडीवर हेड पळवायचा प्रश्न नाही, त्यामुळे फायदा कमी. ५१२ किलोबाइटपुढे जाण्यात सहसा अर्थ नाही.

डेटाबेस असेल तर हात आखडता घ्या

हिशेबाचा डेटाबेस एक बिल इथलं, एक तिथलं असं वाचतो. साध्या वाचनात कर्नलला ते लवकर कळतं आणि तो पुढचं आणत बसत नाही. पण ‘एममॅप’ने, म्हणजे फाइल थेट मेमरीचा भाग असल्यासारखी जोडून, वाचणाऱ्या प्रोग्रॅमांची गोष्ट वेगळी. तिथे एक पान हवं असताना कर्नल त्याच्या मागचीपुढची पानंही उचलतो, आणि किती उचलायची हे त्याच मर्यादेवरून ठरतं. तुम्ही ती ४ मेगाबाइट करून ठेवलीत तर ४ किलोबाइटसाठी केवढं ओझं ओढलं जाईल बघा. मोंगोडीबी या डेटाबेसच्या माहितीपत्रकात रीडअहेड ८ ते ३२ सेक्टर इतकं कमी ठेवायला सांगितलंय. डेटाबेस ‘ओ_डायरेक्ट’ने (कॅशे टाळून थेट डिस्कवरून) फाइल उघडत असेल, जसं मायएसक्यूएलमधलं इनोडीबी उघडू शकतं, तर पेज कॅशे आणि रीडअहेड दोन्ही त्याच्या वाटेत येत नाहीत, तिथे त्याचा स्वतःचा बफर वाढवा.

डेटाबेस आणि व्हिडिओ वेगळ्या डिस्कांवर ठेवणं हाच सरळ मार्ग. ते जमत नसेल आणि प्रोग्रॅम तुमच्या हातातला असेल तर फाइलीगणिक सूचना देता येते. ‘पॉझिक्स_एफअॅडव्हाइज’ ही सोय त्यासाठीच आहे: ‘सिक्वेन्शियल’ सांगितलं की त्या फाइलीपुरती खिडकी दुप्पट होते, ‘रँडम’ सांगितलं की रीडअहेड बंद. पायथॉनमधूनही हे एका ओळीत होतं. अख्ख्या डिस्कचा आकडा फुगवण्यापेक्षा मला हे केव्हाही बरं वाटतं.

रात्रीचा बॅकअप आणि सकाळची पाळी

सोमवारी सकाळी डिझाइनच्या फाइली संथ उघडतात आणि दुपारनंतर ठीक चालतं, असं असेल तर संशय बॅकअपवर घ्या. एकदाच वाचलेली पानं कर्नल वेगळ्या यादीत ठेवतो आणि आधी तीच काढतो, दुसऱ्यांदा हात लागलेली पानं पक्क्या यादीत जातात. पण काही शे जीबीचा बॅकअप सरकत गेला की रात्रभर कुणी न उघडलेल्या फाइलींची पानं टिकतीलच असं नाही.

यावर नेमका उपाय आहे. बॅकअपची आज्ञा थेट न देता ‘सिस्टिमडी-रन --स्कोप -पी मेमरीहाय=५१२एम’ यामागे द्या. बॅकअपने कॅशेत आणलेली पानं त्याच्याच खात्यावर मांडली जातात आणि ५१२ मेगाबाइट झाले की तो स्वतःचीच जुनी पानं काढू लागतो. बाकीच्यांचा कॅशे शाबूत राहतो.

शिवाय ‘व्हीएमटच’ नावाचं छोटं साधन टाकून घ्या. फोल्डरचं नाव दिलं की त्यातलं किती रॅममध्ये आहे ते सांगतं, आणि ‘-टी’ दिलं की सगळं आणून ठेवतं. सकाळची पाळी सुरू व्हायच्या अर्धा तास आधी क्रॉनमधून डिझाइनच्या फोल्डरवर हे चालवलं की पहिल्या माणसाला वाट बघावी लागत नाही. फोल्डर रॅममध्ये मावणारा हवा, एवढं बघा.

लिहिण्याचीही बाजू बघून घ्या

फाइल सेव्ह केली की ती आधी रॅममध्ये जाते, डिस्कवर नंतर. बदललेली पानं वापरण्याजोग्या मेमरीच्या १० टक्के झाली की कर्नल मागच्या मागे लिहायला लागतो, २० टक्क्यांना लिहिणाऱ्यालाच थांबवतो. ३२ जीबी रॅमवर २० टक्के म्हणजे ६ जीबी. १०० मेगाबाइट वेगाच्या डिस्कला त्याला मिनिटभर लागतं. कॅमेऱ्याचं फुटेज कॉपी करताना सगळा सर्व्हर गोठतो तो यामुळे. टक्केवारीऐवजी ‘डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स’ ६४ मेगाबाइट आणि ‘डर्टी_बाइट्स’ २५६ मेगाबाइट असं ठरवून द्या (आकडा बाइटमध्ये लिहायचा). यूपीएस मात्र कशानेच चुकत नाही: नेहमीच्या सेटिंगला बदललेलं पान अर्धा मिनिट रॅममध्ये राहू शकतं आणि तेवढ्यात लाइट गेली तर ते गेलं.

कायम करा

हे सगळं रीबूटनंतर पुसलं जातं. ‘डर्टी’चे आकडे ‘/ईटीसी/सिसकंट्रोल.डी’मध्ये एका फाइलीत टाका. रीडअहेडसाठी यूडेव्हचा (डिव्हाइस दिसलं की ठरलेली सेटिंग लावणारी सोय) नियम लिहा आणि त्यात ‘क्यू/रीड_अहेड_केबी’ला किंमत द्या. इथे एकक किलोबाइट आहे, सेक्टर नाही. १ मेगाबाइटला १०२४ लिहायचं, २०४८ नव्हे. मशीनवर ‘ट्यून्ड’ (सेटिंग आपोआप लावणारी सेवा) चालू असेल तर त्याचं प्रोफाइल रीडअहेड परस्पर बदलू शकतं, तेही बघा. मग सर्व्हर रीबूट करून पुन्हा ‘गेटआरए’ विचारा. २५६च आलं तर नियम लागलेला नाही, बहुधा त्यातलं डिस्कचं नाव जुळत नसेल.